मीठ, लिंबू, संत्रा

मागच्या मे महिन्यात एका शनिवारी रात्री मी पलूसच्या घरी स्वयंपाकघरात मार्गारिटा बनवत होतो. नोकरी पुण्याच्या कंपनीत, पण महिन्यातले दहा-बारा दिवस घरून काम करायची मुभा आहे. आई-बाबा एका लग्नाला कराडला गेले होते. आजी सोप्यात झोपली होती, निदान माझा तसा समज होता. टकिलाची बाटली पुण्याहून लॅपटॉपच्या बॅगेत, टॉवेलमध्ये गुंडाळून आणलेली. सोबत ऑरेंज लिक्युअरची छोटी बाटली. ओट्यावर चार कागदी लिंबं, बर्फाचा ट्रे, आणि शेकर म्हणून जिमचा प्रोटीन शेकर. माप म्हणून खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं टोपण, त्यावर ५ आणि १० मिलीच्या रेघा असतात.

शेकर हलवला, त्या खुळखुळाटानं आजी उठून दारात आली.

"काय चाललंय रं एवढ्या रातीचं?"

"काय नाही आजी, सरबत."

तिनं दोनदा श्वास आत ओढला. आजीचं वय ८१. एका डोळ्याला कमी दिसतं, पण नाक शाबूत आहे.

"संत्र्याचा वास येतोय. तात्याच्या सदऱ्याला असाच यायचा."

एवढं बोलून ती पाणी पिऊन परत झोपायला गेली. मी तो ग्लास प्यायलो. उगाच खोटं कशाला सांगू? साडेतीन हजारांची बाटली होती. पण त्या रात्रीपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही, आणि ती माझ्यासारख्या पोरांना जरा मोठ्या आवाजात सांगावी असं वाटतंय.

आधी मार्गारिटाबद्दल, कारण वादाचा सगळा मुद्दा तिच्या कृतीतच आहे.

क्लासिक मार्गारिटाचं आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेनं ठरवलेलं प्रमाण असं: ५० मिली टकिला, २० मिली ट्रिपल सेक म्हणजे संत्र्याचं लिक्युअर, १५ मिली ताज्या लिंबाचा रस. ग्लासच्या काठाला लिंबाची फोड फिरवायची आणि तो काठ मिठात टेकवायचा. शहाणे लोक अर्ध्याच काठाला मीठ लावतात, म्हणजे प्रत्येक घोटाला हवं तर मीठ, नको तर नाही. मिक्सरचं बारीक मीठ घेऊ नका, खडेमीठ खलबत्त्यात जाडसर कुटून घ्या. शेकरमध्ये भरपूर बर्फ घालून दहा-पंधरा सेकंद जोरात हलवायचं. बर्फ थोडा वितळून त्याचं पाणी मिसळणं हा कृतीचाच भाग आहे. गाळून ओतलं की झालं. यात सोडा, सिरप, पुदिना, मिरची काहीही नाही. मिठाचं काम फक्त खारटपणाचं नसतं. मीठ जिभेवरचा कडवटपणा दाबतं, म्हणून आंबट आणि गोड पुढे येतं.

ही मार्गारिटा पहिल्यांदा कोणी बनवली यावर मेक्सिको आणि अमेरिकेत डझनभर कहाण्या आहेत. कोणी नटीचं नाव घेतं, कोणी बारमालकाच्या बायकोचं. कागदावर सापडतं ते एवढंच: १९३७ सालच्या लंडनच्या कॅफे रॉयलच्या कॉकटेल पुस्तकात टकिला, क्वांत्रो आणि लिंबाचं 'पिकाडोर' नावाचं पेय आहे, आणि १९५३ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या 'एस्क्वायर' मासिकानं मार्गारिटाला महिन्याचं पेय म्हणून छापलं. स्पॅनिशमध्ये मार्गारिटा म्हणजे डेझीचं फूल, आणि मद्य, लिंबू आणि लिक्युअर यांच्या 'डेझी' नावाच्या पेयांचं एक जुनं घराणं आहे. हिचं मूळ बहुधा तिथलंच.

आता त्यातला एकेक पदार्थ उचलून बघा.

लिंबू. परदेशी व्हिडिओत सांगतात की मोठं, बिनबियांचं लिंबू चालेल, पण अस्सल चव हवी तर मेक्सिकन लाइम घ्या. हे मेक्सिकन लाइम म्हणजे आपलं कागदी लिंबूच, जात तीच. आशियातून अरबांनी ते पश्चिमेला नेलं, स्पॅनिश लोकांनी अमेरिकेत. पलूसच्या बाजारात ढिगानं मिळणारं लिंबू हेच अस्सल.

संत्रं. ट्रिपल सेक म्हणजे बिनचवीच्या स्पिरिटमध्ये संत्र्याच्या सालीचा अर्क आणि साखर. त्यातलं सगळ्यात नावाजलेलं फ्रेंच क्वांत्रो बीटापासून केलेल्या स्पिरिटवर बनतं, म्हणजे तिथंही मुळाशी साखरेचंच पीक.

टकिला. ही निळ्या अगावेपासून बनते. बांधावर, रेल्वेच्या कडेला काटेरी पात्यांची घायपात दिसते ना, तिच्या कुळातली ही वनस्पती. पण प्रत्येक टकिला पूर्ण अगावेची नसते. 'शंभर टक्के अगावे' असं लिहिलेलं नसेल तर कायद्यानं किमान ५१ टक्के साखर अगावेची असली म्हणजे झालं. उरलेली बहुतेक वेळा उसाची. आपल्याकडे खिशाला परवडते ती टकिला बहुधा हीच.

म्हणजे हिशेब काय राहिला? साखरेच्या पिकाचं स्पिरिट, संत्र्याचा स्वाद, कागदी लिंबू, मीठ.

आता पलूस-तासगाव पट्ट्यातल्या कुठल्याही देशी दारूच्या दुकानासमोर संध्याकाळी सात वाजता उभे राहा. देशी म्हणजे साखर कारखान्याच्या मळीपासून केलेलं स्पिरिट, आणि तिचा महाराष्ट्रातला सगळ्यात ओळखीचा स्वाद संत्रा. 'संत्रा' म्हटलं की पुढं दारू म्हणावंसुद्धा लागत नाही. बाजूच्या गाड्यावर चकण्याला काय असतं? फुटाणे, उकडलेलं अंडं, लिंबाची फोड आणि मीठ. माझा तात्या, म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, एक घोट घ्यायचा, अंगठ्याच्या बेचक्यातलं मीठ चाटायचा आणि लिंबू चोखायचा. पुण्यातल्या बारमध्ये टकिला शॉट असाच घेतात आणि त्याचा व्हिडिओ काढतात.

आजीच्या नाकाला ही गोष्ट एका श्वासात कळली. मला इंजिनिअरिंगची पदवी आणि सहा वर्षांची नोकरी एवढं सगळं करून कळली नव्हती.

तुम्ही म्हणाल, चवीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आहेच. मी चवीबद्दल भांडत नाहीये. माझं भांडण आपल्या शब्दांशी आहे. तात्या 'दारू प्यायचा', मी 'ड्रिंक घेतो'. तात्या 'बेवडा', मी 'सोशल ड्रिंकर'. तात्याच्या हातात 'क्वार्टर', माझ्या हातात 'क्राफ्ट'. तात्याला व्यसन होतं, मला आवड आहे. भाषा आपण अशी वाटून घेतली आहे की यकृतालाही वाटावं, या दोघांची रसायनं वेगळी आहेत.

म्हणून थोडं गणित करू. मार्गारिटात ५० मिली टकिला आणि २० मिली लिक्युअर, दोन्ही ४० टक्क्यांचं धरलं तर शुद्ध अल्कोहोल होतं २८ मिली. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्के हा आकडा असतो. तात्याच्या संत्र्याच्या बाटलीवरही तोच असायचा, मी लहानपणी ती बाटली हातात घेऊन वाचलेली आहे. त्या हिशेबानं ६० मिलीच्या लार्ज पेगमध्ये अल्कोहोल साधारण २६ मिली. म्हणजे काठाला मीठ लावलेली नाजूक ग्लासातली मार्गारिटा लार्ज पेगपेक्षा जड आहे. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ७७ मिली. तीन मार्गारिटांमध्ये ८४.

तीन मार्गारिटा म्हणजे एका क्वार्टरपेक्षा जास्त. हे वाक्य पुन्हा वाचा आणि मागच्या शनिवारी तुमच्या फ्लॅटवर किती झाल्या ते आठवा. माझ्या पुण्यातल्या फ्लॅटवर चार झालेल्या आहेत, आणि सकाळी आम्ही एकमेकांना "काय मस्त नाइट झाली भावा" असं म्हणालोय. तात्या क्वार्टर पिऊन आला की घरात कोणी त्याच्याशी बोलत नसे.

हा दुटप्पीपणा आपल्या पिढीनं शोधला असंही नाही. तो सरकारी कागदात आहे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. घरी बसून प्यायलासुद्धा परवाना लागतो, आणि व्हिस्की-टकिलासाठी वय २५ पूर्ण लागतं. परवाना कशासाठी मिळतो, तर कागदोपत्री आरोग्य टिकवण्यासाठी. एका दिवसाचा परवाना विदेशी मद्याला ५ रुपये, देशीला २ रुपये. ज्या देशात 'विदेशी' म्हणून खपणारी बरीचशी व्हिस्की मळीच्याच स्पिरिटपासून बनते, तिथं विदेशी आणि देशी हा भेद बाटलीतल्या मालाचा कमी आणि बाटली धरणाऱ्या हाताचा जास्त आहे.

पलूसचंच उदाहरण घ्या. आमच्याकडे द्राक्षं पिकतात. राज्यानं २००१ मध्ये द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, त्यातून नाशिकजवळ विंचूरला एक वाईन पार्क झालं आणि दुसरं आमच्या पलूसला. कृष्णा व्हॅली वाईन पार्क हे नाव ऐकून पाहुणे विचारतात, मग तुमच्याकडे लोक जेवताना वाईन घेत असतील ना? घेत नाहीत. पलूसमध्ये वाईन हा शब्द फक्त 'वाईन शॉप'च्या पाटीवर दिसतो, आणि तिथून लोक काळ्या पिशवीत नेतात ते बहुतेक वेळा वाईन नसतं. २०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवायचा निर्णय घेतला तेव्हा 'वाईन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य गाजलं. त्यामागचा हेतू शेतकऱ्याच्या भल्याचा होता, असं सांगितलं गेलं. मला द्राक्षबागायतदारांबद्दल आस्था आहे, आमचीही एक एकर बाग होती. पण वाईन शेतकऱ्याच्या द्राक्षापासून होते म्हणून ती दारू नसेल, तर शेतकऱ्याच्या उसापासून होणारी देशी कशी काय दारू? ऊस लावणारा शेतकरी नव्हे काय?

इथं दोन बाजूंनी माझ्यावर दगड येणार, हे मला ठाऊक आहे.

पहिला दगड माझ्याच मित्रांचा. ते म्हणतात, "आम्ही कंट्रोलमध्ये पितो. आम्ही बायकोला मारत नाही, पगार उडवत नाही, गटारात पडत नाही." यातला पैशाचा मुद्दा खरा आहे. रोज पाचशे मिळवणाऱ्यानं दीडशेची प्यायली तर घरात चूल कशी पेटते, हे मी पाहिलंय. माझ्या मार्गारिटानं आमच्या घरातलं दूध बंद होत नाही. पण मग कंट्रोल कोणाचा? माझा की माझ्या पगाराचा? मी पडलो तर ओला-उबर आहे, सोमवारी सिक लीव्ह आहे, कंपनीचा आरोग्य विमा आहे. तात्या पडला तर तो थेट रस्त्यावर पडायचा आणि सगळं गाव बघायचं. बायकोला मारण्याचं म्हणाल, तर फ्लॅटचं दार बंद असतं, आणि आतून काय आवाज येतो ते वॉचमनला विचारा. आपण कमी पडतो असं नाही, आपल्या खाली गादी आहे.

दुसरा दगड जुन्या पिढीचा, आणि त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पलूसपासून जवळ कुंडल आहे, प्रतिसरकारचं केंद्र. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या आणि जी. डी. बापू लाडांच्या त्या चळवळीनं इंग्रजांशी लढता लढता गावोगाव दारूबंदीचं कामही केलं. या मातीत दारूला विरोध हा सोवळेपणातून आलेला नाही, तो घराघरातल्या बायकांच्या अनुभवातून आलेला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा २०१९-२१ चा आकडा बघा: १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के पितात आणि बायकांपैकी सुमारे १ टक्का. पिणारा एक आणि भोगणारी दुसरी. या राज्यात गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं तर दुकान बंद करता येतं. हा अधिकार उगाच मिळालेला नाही. ही जुनी माणसं मला विचारतात, "मग तू कशाला पितोस?" आणि जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलंय की आरोग्याला सुरक्षित अशी दारूची कुठलीही मात्रा नाही. म्हणजे आकडेही त्यांच्याच बाजूनं आहेत.

मी पितो कारण मला आवडतं. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही, आणि ते आहे असं भासवणं मी बंद केलंय. माझा आक्षेप मापाबद्दल आहे. एकाच पदार्थाला दोन मापं लावली की त्याचा त्रास दोन्हीकडच्या माणसांना होतो. माझ्यासारख्याला स्वतःचा आजार दिसत नाही, कारण आजाराचं नाव आपण दुसऱ्याला देऊन टाकलेलं असतं. आणि तात्यासारख्याला उपचार मिळत नाहीत, कारण त्याच्या आजाराचं नाव शिवी झालेलं असतं.

तात्या २०१४ मध्ये गेला. वय ४३. सलग दोन वर्षं गारपिटीनं बाग झोडपली त्यानंतर त्याचं पिणं वाढलं, असं घरात सांगतात. माझ्या आठवणीत ते त्याच्या आधीच वाढलेलं होतं. शेवटच्या वर्षी त्याचं पोट पाण्यानं फुगायचं, डोळे पिवळे असायचे. डॉक्टरांनी सिरॉसिस लिहिलं होतं. गावाला आम्ही सांगितलं, "काविळीनं गेला." कॉलेजात मित्रांनी विचारलं तेव्हा मीही तेच सांगितलं. पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ पासून मुक्तांगण उभं केलेलं होतं. पलूसहून पुणे म्हणजे किर्लोस्करवाडी स्टेशनवर गाडीत बसायचं आणि पुण्याला उतरायचं. आम्ही त्याला तिथं नेलं नाही. आमच्याकडे पैसे नव्हते असं नाही, पत्ता मिळाला नसता असंही नाही. तिथं न्यायचं म्हणजे नाव सांगावं लागलं असतं, आणि माझ्या बहिणीचं स्थळ बघणं चाललं होतं.

म्हणून मी या क्लासिक मार्गारिटावर एवढा चिडलोय. तिच्या कृतीतली एक गोष्ट मला खरोखर आवडते: ती मोजल्याशिवाय होत नाही. ५०, २०, १५. लिंबू पाच मिलीनं जास्त झालं की तोंड वाकडं होतं, लिक्युअर जास्त झालं की खोकल्याचं औषध. आपल्याकडे पिण्यात मोजणं नसतं. क्वार्टर, हाफ, खंबा ही बाटलीवाल्यानं ठरवलेली मापं आहेत, आणि बाटली उघडली की ती संपवायची हा आपला एकमेव नियम. मोजायची सवय लावायची असेल तर ती ग्लासपुरती ठेवू नका. आठवड्याला शुद्ध अल्कोहोल किती मिली पोटात गेलं, ते फोनमध्ये लिहा. पावलं मोजता, प्रोटीन मोजता, हेही मोजा. चार आठवडे लिहा आणि मग त्या आकड्याशेजारी तुमच्या गावच्या 'बेवड्या'चा आकडा ठेवून बघा. कदाचित तुमचा फारच कमी निघेल. तसं असेल तर आनंद आहे. कदाचित निघणार नाही.

आणि एक शब्द सोडा. 'बेवडा' म्हणू नका. चेष्टेत, मीममध्ये, ग्रुपवर, कुठंच नाही. पाहिजे तर आजारी म्हणा, नाहीतर तुम्ही स्वतःला जे म्हणता तेच त्यालाही म्हणा. मी पुढच्या ऑफिस पार्टीत म्हणून बघणार आहे, की माझे काका सोशल ड्रिंकर होते, रोज संध्याकाळी सातला सोसायटीसमोरच्या गाड्यावर पाच-सहा जणांच्या सोशल ग्रुपमध्ये ड्रिंक घ्यायचे आणि त्यातच वारले. कोण हसतं ते बघू.

त्या रात्रीनंतर दोन दिवसांनी मी आजीला सगळं सांगितलं. सरबत नव्हतं, दारू होती, महिन्यातून दोन-तीनदा घेतो. तिनं लगेच काही म्हटलं नाही. भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "मोजून घेतोस?"

"हो."

"तात्या बी सुरवातीला मोजूनच घ्यायचा."

तव्यावरची भाकरी उलटून ती पुढं म्हणाली, "मत द्याया मिळालं तर मी आडवीच करणार, तुझ्या बाटलीसकट." मी म्हटलं, कर. ऑरेंज लिक्युअरची बाटली अजून अर्धी आहे. आता ती लॅपटॉपच्या बॅगेत नसते, फडताळात पुढच्या रांगेत, लोणच्याच्या बरणीशेजारी असते. आईला ते अजिबात आवडलेलं नाही. ती बाटली मागे सरकवते, मी पुढे आणतो. पातळी कुठवर आली आहे ते येता-जाता घरातल्या सगळ्यांना दिसतं, आणि ते दिसावं म्हणूनच ती तिथं आहे.